न भरणारी जखम आणि पाण्यातला जंतू

आम्ही ओझर आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बचत गटांचं काम बघतो. आम्ही डॉक्टर नाही. पण महिन्याच्या बैठकीत कर्जाचं रजिस्टर उघडलं की कुणाच्या घरात काय चाललंय ते आम्हाला लवकर कळतं. बियाणं, शाळेची फी, म्हैस, आजारपण, असं कर्जाचं कारण तिथं लिहिलेलं असतं. आजारपणाच्या कर्जात एक प्रकार असा असतो की रक्कम लहान असते, पण ती पुन्हा पुन्हा उचलली जाते. ‘काय झालंय गं?’ म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही ताई, ती जखमच भरंना.’

आज त्या न भरणाऱ्या जखमेबद्दल बोलायचं आहे. अशा सगळ्याच जखमांबद्दल नाही. साखरेच्या आजारामुळे न भरणारी जखम वेगळी, कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायाला होणारी जखम वेगळी. आपण बोलणार आहोत ते एका विशिष्ट जंतूमुळे चिघळणाऱ्या जखमेबद्दल. हा जंतू पाण्यात आणि मातीत राहतो. नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांना तो दाद देत नाही. तपासणीत तो क्षयाच्या जंतूसारखा दिसतो, म्हणून कधी कधी क्षयाचीच औषधं सुरू होतात आणि तीही लागू पडत नाहीत. ओळखायला उशीर होतो तो असा. पण एकदा नीट ओळखला आणि योग्य औषधं पुरेसे दिवस घेतली, तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

ही जखम कशी दिसते?

समजा, एका ताईचं पित्ताशयाचं किंवा कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटाला दोन-तीन लहान भोकं पडली. टाके सुकले, ताई घरी आली, कामाला लागली. महिना-सव्वा महिना गेला आणि बेंबीजवळच्या त्याच भोकाशी हाताला एक बारीक गाठ लागली. फारशी दुखत नाही. ताप नाही. वरची कातडी आधी लालसर, मग जांभळट झाली. गाठ फुटली आणि पातळ पाणी किंवा पांढरट पू येऊ लागला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. थोडं सुकल्यासारखं वाटलं, मग पुन्हा वाहायला लागलं. गोळ्या बदलल्या, पुन्हा तेच. मग शेजारी दुसरी गाठ आली.

आता नेहमीचा पू कसा होतो ते आठवा. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखम लाल होते, गरम लागते, ठणकते, ताप येतो. योग्य गोळ्या घेतल्या की आठवड्यात उतरते. म्हणजे दोन्हींतला फरक साधा आहे. हा जंतू उशिरा उगवतो, बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. तो सावकाश वाढतो. फारसं दुखत नाही, ताप क्वचित येतो. आणि नेहमीच्या गोळ्यांनी जखम भरत नाही. ऑपरेशन, इंजेक्शन किंवा काटा लागलेल्या जागी ही चारही लक्षणं दिसली, तर गोळ्या बदलत बसू नका. तपासणी करून घ्यायची वेळ आलेली असते.

हा जंतू कोण?

१८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. त्याच्या आधी, १८७३ साली, नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. हे दोन्ही जंतू एकाच भावकीतले. त्या भावकीचं नाव मायकोबॅक्टेरिया. तिच्यात दीडशेहून जास्त जाती आहेत. क्षय आणि कुष्ठ हे दोघे बदनाम झाले, बाकीचे बहुतेक आपापले पाण्यात, मातीत आणि नळाच्या पाइपात राहतात. कुणाच्या वाटेला जात नाहीत. डॉक्टर त्यांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया किंवा थोडक्यात एनटीएम म्हणतात.

या भावकीची खूण म्हणजे अंगावरचं मेणासारखं कवच. त्याची कामगिरी लक्षात ठेवली की पुढचं सगळं समजतं. मेणकापडावर पाणी ठरत नाही, तसं या कवचातून बरीचशी औषधं आत शिरत नाहीत. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते, त्या क्लोरिनने जुलाबाचे जंतू मरतात, पण हे चिवट जंतू त्यातून तगू शकतात. पाइपाच्या आत, टाकीच्या तळाशी जो बुळबुळीत थर साचतो, त्यात ते घर करून राहतात.

घाबरू नका. टीसीएल टाकलेलं पाणी प्यायला, अंघोळीला चांगलंच आहे. आपण कुकडीच्या पाण्यावर वाढलो, येडगाव धरणाच्या काठाला धुणी धुतली, चिखलात रोपं लावली. हे जंतू आपल्या अंगाला रोज लागत असणार. धडधाकट कातडी त्यांना आत येऊ देत नाही. कातडीला भोक पडलं, आणि त्या भोकातून जंतू खोल चरबीपर्यंत पोचला, तरच त्रास सुरू होतो.

आपल्या कामाच्या चारच जाती सांगतो. नावं कठीण आहेत, पण रिपोर्टवर दिसली तर ओळखता यावीत. मायकोबॅक्टेरियम केलोनी पहिल्यांदा १९०३ साली कासवात सापडला. ग्रीक भाषेतल्या कासवाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. मरिनम १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत सापडला. फॉर्च्युइटम हे नाव १९३८ साली ब्राझीलमध्ये इंजेक्शनच्या जागी झालेल्या गळवातल्या जंतूला दिलं गेलं. त्याचा अर्थच ‘योगायोगाने आलेला’ असा आहे. चौथा अ‍ॅबसेसस, म्हणजे गळू करणारा. हा सगळ्यांत हट्टी.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. या जंतूंची कातडीची जखम एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. जखम झालेल्या बाईचं ताट-वाटी वेगळं करायची, बाळाला तिच्यापासून दूर ठेवायची काही गरज नाही.

आत शिरतो कुठून?

पहिली वाट दुर्बिणीच्या ऑपरेशनची. आपल्या देशात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं. त्यानंतर ही पद्धत तालुक्याच्या गावापर्यंत आली. बायकांचा तिच्यामुळे मोठा फायदा झाला. पोटावर वीतभर चीर नाही, दोन-तीन दिवसांत घरी, लवकर कामाला. तेव्हा ‘दुर्बीण नको’ असं आम्ही मुळीच म्हणत नाही.

अडचण हत्यारांच्या स्वच्छतेत आहे. ही हत्यारं लांब, बारीक, सांध्यासांध्यांची असतात. सांध्यात रक्ताचा, मांसाचा कण अडकून राहतो. काही भागांवर प्लास्टिकचं आवरण असतं, ते जास्त उष्णता सोसत नाही, म्हणून वाफेच्या यंत्रात न घालता ग्लुटाराल्डिहाइडसारख्या औषधात बुडवून ठेवतात. वीस मिनिटं बुडवलं तर बरेच जंतू मरतात, पण पूर्ण निर्जंतुक व्हायला आठ-दहा तास लागतात. एकामागून एक ऑपरेशनं असली की एवढा वेळ कुठला मिळायला? त्यात शेवटी औषध धुऊन काढायला साधं पाणी वापरलं, तर तेच पाणी जंतू घेऊन येतं.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. आपल्याच देशातल्या एका रुग्णालयाचा अहवाल २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सहा आठवड्यांत तिथं १४५ जणांची दुर्बिणीची ऑपरेशनं झाली होती आणि त्यांतल्या ३५ जणांच्या भोकांच्या जागी केलोनी जंतूच्या गाठी आल्या. शोध घेतला तेव्हा औषधात बुडवलेली हत्यारं ज्या पाण्याने धूत होते, त्या पाण्यात मूळ सापडलं.

म्हणून ऑपरेशन ठरलं की एक प्रश्न विचारायला लाजू नका. ‘डॉक्टरसाहेब, हत्यारं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करता का? आणि औषधात बुडवत असाल तर धुवायला कोणतं पाणी वापरता?’ चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. उलट सांगतात.

दुसरी वाट सुईची. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही, ही जुनी समजूत. अंग दुखलं, सुई. अशक्तपणा आला, ताकदीची सुई. एकाच बाटलीतून अनेकांना दिलेलं औषध, ओल्या बोळ्याने पुसलेली कातडी, पुन्हा वापरलेली सुई, यांतून जंतू थेट मांसात जातो. गोळीने काम होत असेल तर सुई मागू नका. सुई घ्यावीच लागली तर नवीन सीलबंद सुई आपल्यासमोर फोडायला सांगा. आणि पदवी नसलेल्या माणसाकडून सुई टोचून घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

तिसरी वाट आपल्याच धंद्याची आहे. आपल्या गटांतल्या कित्येक मुलींनी ब्यूटी पार्लरचं प्रशिक्षण घेतलंय. त्यांनी हे नीट ऐकावं. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका पार्लरमध्ये पाय धुण्याच्या टबातून शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर फॉर्च्युइटमची गळवं आली. टबातलं पाणी फिरवणाऱ्या यंत्राला जाळी होती. तिच्यामागे केस आणि कातडीचा मळ साचला होता आणि त्यात जंतू वाढले होते. टबात पाय घालण्याआधी ज्यांनी पायावरचे केस वस्तऱ्याने काढले होते, त्यांना त्रास जास्त झाला, कारण वस्तऱ्याने कातडीला न दिसणारे ओरखडे पडतात. तेव्हा फिरत्या पाण्याच्या यंत्रापेक्षा साधं पसरट घमेलं बरं. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ते साबणाने घासा, जंतुनाशकाने धुवा आणि कोरडं करून ठेवा. पायाला जखम असेल किंवा त्याच दिवशी वस्तरा फिरवला असेल, तर ‘दोन दिवसांनी या’ म्हणून सांगा. गिऱ्हाईक एक दिवस लांबलं तरी धंद्याचं नाव राहील.

चौथी वाट गोंदणाची. पूर्वी आजीच्या कपाळावर गोंदण असे, आता जत्रेत आणि शहरात पोरंपोरी हातावर टॅटू काढतात. २०११-१२ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर गावी १९ जणांना एकाच करड्या शाईतून केलोनीचा त्रास झाला. त्यांच्या टॅटूवर पुरळासारख्या गाठी उठल्या. शाई पातळ करायला साधं पाणी घातलं की हा धोका येतो. मुलं ऐकणार नसतील तर निदान एवढं तरी बघायला सांगा की सुई नवी आहे का आणि शाईत नळाचं पाणी तर घालत नाहीत ना.

पाचवी वाट धरणकाठच्या बायकांची. चिलापी साफ करताना पाठीवरचा काटा बोटात घुसतो, ते आपल्याला नवीन नाही. मरिनम हा जंतू माशांच्या आणि पाण्याच्या संगतीने राहतो. काटा लागल्यावर काही आठवड्यांनी बोटावर जांभळट गाठ येते, आणि मग मनगटाकडे, कोपराकडे एकामागून एक गाठी उठतात, जणू गाठींची माळ. मासे विकणाऱ्या, घरात माशांची काचेची पेटी ठेवणाऱ्या, सगळ्यांनाच हे होऊ शकतं. काटा लागला की लगेच साबणाने आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. हाताला आधीच चीर असेल तर रबरी मोजा घाला.

शेतातल्या जखमेलाही हाच नियम. उसाचं पाचट, बाभळीचा काटा, खुरप्याचा घाव, काहीही लागलं तरी आधी धुणं. त्यावर माती, शेण, तंबाखू-चुना दाबू नका. आणि कुठल्याही गाठीवर दुकानातून आणलेलं ‘गोरं करणारं’ किंवा खाजेचं मलम चोळू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली कमी दिसते, पण आतला जंतू मोकाट वाढतो. दुखऱ्या जागी स्टेरॉइडची सुई घेतली तर त्याहून वाईट. ज्या बहिणींना साखरेचा आजार आहे, ज्यांची रोज स्टेरॉइडची गोळी चालू आहे, त्यांनी दुप्पट सावध राहावं.

तपासणी: इथंच वाट चुकते

आमच्या एका गटातल्या ताईच्या पोटावरची जखम अशीच वाहत होती. पू तपासला, रिपोर्ट आला, ‘क्षयाचे जंतू दिसले.’ औषधं सुरू झाली. सासूबाई तिचं ताट वेगळं ठेवू लागल्या, जाऊबाई मुलाला तिच्याजवळ जाऊ देईनात. पाच महिने गोळ्या खाल्ल्या. लघवी लाल, तोंडाला चव नाही आणि जखम तशीच. शेवटी पुण्याला तुकडा काढून जंतू वाढवून पाहिला तेव्हा कळलं की क्षय नव्हताच.

यात तपासणाऱ्याने खोटं काही पाहिलं नव्हतं. क्षयाच्या जंतूसाठी काचपट्टीवर एक लाल रंग चढवतात. मेणाच्या कवचामुळे तो रंग आम्लानेही निघत नाही. पण कवच तर साऱ्या भावकीचं सारखंच. त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून लाल काड्या दिसल्या की त्या या भावकीतल्या आहेत एवढंच कळतं. त्या नक्की कुणाच्या, ते कळत नाही. रिपोर्टवर ‘एएफबी पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच.

पुढची पायरी म्हणजे सीबीनॅट. क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारं हे यंत्र सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत वापरलं जातं आणि साधारण दोन तासांत उत्तर देतं. रंगात काड्या दिसल्या, पण सीबीनॅटमध्ये क्षय आला नाही, तर या चुलतभावांचा संशय घ्यायचा. मग जंतू वाढवून पाहायचा, म्हणजे कल्चर करायचं. इथं एक गोम आहे. साध्या पुवाचं कल्चर दोन दिवसांनी ‘काही वाढलं नाही’ म्हणून टाकून देतात. आपल्या चारांतले केलोनी, फॉर्च्युइटम, अ‍ॅबसेसस वाढायला साधारण तीन ते सात दिवस घेतात, मरिनमला त्याहून जास्त लागतात. शिवाय मरिनमला अंगाच्या उष्णतेपेक्षा थंड हवामान, ३० अंशांच्या आसपास, मानवतं. प्रयोगशाळेला आधी सांगितलं नाही तर तो उगवतच नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘मायकोबॅक्टेरियासाठी कल्चर’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि मासा, धरण, ऑपरेशन, सुई, जे काही घडलं असेल ते डॉक्टरांना सांगा.

आणखी एक बारीक पण फार मोलाची गोष्ट. जखमेचा तुकडा काढतात तेव्हा तो बहुतेक वेळा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मलिनने जंतू मरतो, मग वाढणार काय? तुकड्याचे दोन भाग करायला सांगा. एक फॉर्मलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनच्या बाटलीत, कल्चरसाठी. ही एक बाटली वेगळी ठेवली तर दुसऱ्यांदा कापाकापी वाचते. वरवरच्या कापसाच्या बोळ्यापेक्षा सुईने ओढलेला पू किंवा तुकडा केव्हाही चांगला.

जंतू वाढला की त्याची जात आणि त्याच्यावर कोणती औषधं चालतात, हेही विचारून घ्या. पुणे आणि नागपूर इथं क्षयरोगाच्या राज्यस्तरीय संदर्भ प्रयोगशाळा आहेत, मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही सोय असते. आपल्याकडून वाट अशी: आधी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, मग नारायणगाव किंवा जुन्नरचं ग्रामीण रुग्णालय, गरज पडली तर मंचर, आणि पुढे ससून.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कातडीचा क्षय हाही खरा आजार आहे आणि तो आपल्याकडे होतो. तेव्हा हे भाषण ऐकून कुणी आपली क्षयाची औषधं मनाने बंद करायची नाहीत. ‘कल्चर झालंय का?’ एवढं डॉक्टरांना विचारायचं.

उपचार: लांबचा रस्ता

केलोनी, फॉर्च्युइटम आणि अ‍ॅबसेसस यांच्यावर क्षयाची नेहमीची औषधं चालत नाहीत. त्यांच्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, लिनेझोलिड अशी वेगळी औषधं आहेत. जातीप्रमाणे आणि कल्चरच्या रिपोर्टप्रमाणे डॉक्टर त्यांतून निवडतात. मरिनमला बहुतेक क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर एथॅम्ब्युटॉल किंवा रिफाम्पिसिन देतात. नावं सांगितली ती दुकानातून आणण्यासाठी नाही, चिठ्ठी वाचता यावी म्हणून.

जास्त पसरलेल्या जखमेला निदान दोन औषधं एकत्र लागतात. एकच दिलं तर जंतू त्याला सरावतो आणि मग ते औषध कायमचं निकामी होतं. मुदतही मोठी, बहुतेक वेळा चार ते सहा महिने. जखम सुकली म्हणून औषध थांबवायचं नाही. वरची कातडी आधी भरते, आतला जंतू मागाहून मरतो. साधारण दीड-दोन महिन्यांत जखम कोरडी दिसू लागते आणि नेमक्या त्याच वेळी बायका गोळ्या सोडतात. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गाठ.

गाठ मोठी असेल, आत पोकळी झाली असेल, तर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. सडलेला भाग कापून स्वच्छ करावा लागतो. हर्नियाची जाळी किंवा आत राहिलेला टाक्याचा दोरा जंतूचं घर बनला असेल तर तो काढावा लागतो. याला घाबरू नका, पण कापल्यावर औषध पूर्ण करायचंच.

या औषधांचे त्रासही माहीत असू द्या. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड कडू होतं, पोट बिघडतं. अमिकासिनच्या सुयांनी कानावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधे मधे तपासण्या लागतात. कानात घूं घूं आवाज आला किंवा ऐकू कमी येऊ लागलं तर त्याच दिवशी सांगा. एथॅम्ब्युटॉलने नजर धूसर वाटली, रंग ओळखता येईनासे झाले तर लगेच सांगा. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा पाळी चुकली असेल, तर औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं त्या काळात चालत नाहीत.

गटाने काय करायचं?

औषध मधेच सुटतं, त्यामागे पैसा हे मोठं कारण असतं. पहिल्या महिन्याची औषधं कर्ज काढून येतात, दुसऱ्या महिन्याची मंगळसूत्र गहाण ठेवून, तिसऱ्या महिन्याला हात रिकामे. म्हणून आम्ही आमच्या बैठकांत सांगतो, पाचशे-हजाराचं कर्ज पाच वेळा देण्यापेक्षा सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा, ‘पूर्ण उपचाराला किती महिने आणि किती रुपये लागतील?’ मग त्या हिशोबाने एकच कर्ज ठरवा, परतफेडीला उपचार संपल्यावरचे महिने धरा. औषधाचं नाव कंपनीचं न लिहिता मूळ औषधाचं लिहून द्यायला सांगा, जनऔषधी दुकानात ते स्वस्त पडू शकतं. भरती होऊन ऑपरेशन करावं लागलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

दुसरं काम कागदांचं. एक फाईल करा. तिच्यात पहिल्या पानावर तारखा लिहा: ऑपरेशन किंवा सुई कधी, गाठ पहिल्यांदा कधी दिसली, कोणकोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, कोणत्या तपासण्या झाल्या. डॉक्टर बदलला की हीच फाईल पुढे करा. ‘ऑपरेशननंतर पस्तीस दिवसांनी गाठ’ एवढं एक वाक्य वाचूनही जाणत्या डॉक्टरांच्या मनात योग्य शंका येते.

तिसरं काम, एका गावात एकाच ठिकाणी ऑपरेशन झालेल्या दोघी-तिघींना अशा गाठी आल्या, तर ती एकटीदुकटीची गोष्ट राहत नाही. आशाताईंना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. भांडण म्हणून नव्हे. मूळ पाण्यात असेल तर तिथं पुढे ऑपरेशनला जाणाऱ्या बायका वाचतील.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं काढा आणि प्रत्येकीला विचारा: ऑपरेशनच्या, सुईच्या किंवा काट्याच्या जागेवर महिन्याभरानंतर उठलेली, न भरणारी गाठ कुणाला आहे का? लाजेने झाकून ठेवलेली एखादी तरी निघेलच. तिला म्हणा, ‘ताई, आता गोळी बदलायची नाही. आधी तपासणी.’ आणि तिच्याबरोबर दवाखान्यात आपल्यातली एकजण जाऊ द्या. डॉक्टरांपुढे दुसरी बाई शेजारी उभी असली की प्रश्न विचारायचा धीर येतो.